ऑनलाइन मानसशास्त्र: पहिल्या सत्राआधीची तयारी

सर्वात आधी ठरवा, तुम्हाला पदवी हवी आहे की हा विषय शिकायचा आहे. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यापीठांना सांगितलं, की जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मानसशास्त्राला दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने नवे प्रवेश देऊ नयेत. आरोग्य व्यवसायांच्या २०२१ च्या कायद्यात हा विषय येतो, हे त्यामागचं कारण. त्यामुळे निपाणी-चिकोडीकडे कुणी घरबसल्या सायकॉलॉजीची डिग्री मिळवून देतो म्हणालं, तर एक रुपयाही देऊ नका. आधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि सत्र या तिन्हींना मान्यता आहे का ते स्वतः बघा. कष्टाचे पैसे आणि तीन वर्षं पणाला लागलेली असतात, म्हणून हे इतकं ठासून सांगते.

विषय शिकायचा असेल तर वाट मोकळी आहे. बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या एखाद्या कॉलेजात नियमित प्रवेश घ्या आणि प्रास्ताविक मानसशास्त्राचा कोर्स ‘स्वयम’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षण मंचावर करा. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे विद्यापीठ एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून घेऊ देऊ शकतं. तुमच्या निवडलेल्या कोर्सचे क्रेडिट धरले जातील का, हे मात्र नोंदणीआधीच कॉलेजकडून लेखी घ्या. शिकायला पैसे पडत नाहीत. परीक्षेची फी वेगळी असते आणि परीक्षा केंद्रावर जाऊनच द्यावी लागते.

जांबोटी-कणकुंबीच्या पावसात विजेचा आणि रेंजचा भरवसा नसतो. व्याख्यानं आणि नोट्स आधीच उतरवून ठेवा, असाइनमेंट शेवटच्या रात्रीवर टाकू नका.

एसएसएलसीपर्यंत मराठी माध्यम असेल, तर इंग्रजी व्याख्यानांत पहिले दोन-तीन आठवडे जड जातात. त्यासाठी एक वही घाला. प्रत्येक संज्ञेसमोर तिचं मराठी नाव आणि घरातलं एक उदाहरण लिहा. उदाहरणार्थ, ऋण प्रबलन (negative reinforcement) म्हणजे शिक्षा, असं बरेच जण धरून चालतात. डोकं दुखत होतं, बाम लावला, दुखणं थांबलं, म्हणून पुढच्या वेळी हात आपोआप बामाकडे जातो. नकोसं काही दूर झाल्याने वागणूक वाढली, हे ऋण प्रबलन. शिक्षेने वागणूक कमी होते. असं उदाहरण हाताशी असलं की परीक्षेत गोंधळ होत नाही. याच वहीत सरासरी, प्रमाण विचलन (standard deviation) आणि सहसंबंध (correlation) या सांख्यिकीतल्या संज्ञांनाही चार पानं द्या. सांख्यिकीला घाबरून हा विषय सोडू नये.

व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघण्यात वेळ घालवू नका. रोएडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी पुढे होते, पण आठवड्याने न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. तेव्हा व्याख्यान संपलं की स्क्रीन बंद करा आणि आठवेल ते कोऱ्या कागदावर उतरवा. मगच नोट्स उघडा.

आता माझ्या मते सर्वात मोलाची तयारी: घरातल्या घरात करायचे छोटे प्रयोग. पाठ्यपुस्तकांतल्या प्रयोगांत भाग घेणारे बहुतेक अमेरिका-युरोपातले कॉलेजचे विद्यार्थी असतात. आपल्या सीमाभागातलं घर त्यात क्वचितच दिसतं, आणि अभ्यासाला तर ते फार समृद्ध आहे. मानसशास्त्रज्ञ स्ट्रूपचा १९३५ चा प्रयोग घ्या. ‘लाल’ हा शब्द निळ्या स्केचपेनने, ‘हिरवा’ लाल पेनने, अशी वीसेक शब्दांची पट्टी करा. समोरच्याने शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा, तुम्ही मोबाइलवर वेळ मोजायची. दुसरी पट्टी कन्नडमध्ये करा, तिसरी इंग्रजीत. जी लिपी माणूस सराईतपणे वाचतो, तिथे तो जास्त अडखळतो. कन्नड वाचता न येणारी आजी कन्नड पट्टीवर झरझर रंग सांगेल आणि मराठीवर थबकेल. वाचन आपोआप होतं, मनाला ते थांबवता येत नाही, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की लक्ष आणि स्वयंचलित प्रक्रिया हे प्रकरण वेगळं पाठ करावं लागत नाही. पट्ट्यांचा क्रम दर माणसागणिक बदला, नाहीतर सरावाचा परिणाम निकालात मिसळतो. आणि सुरू करण्याआधी काय करायचंय ते सांगून होकार घ्या, ‘नको’ म्हटलं की तिथेच थांबा.

विकारांचं प्रकरण आलं की काकूला चिंताविकार, शेजारच्या दादाला नैराश्य, असं दिसू लागतं. कुणाला नाव चिकटवू नका; निदान करणं हे प्रशिक्षित तज्ज्ञांचं काम आहे. पण कुणी खरंच खचलेलं दिसलं, तर त्यासाठी १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठी आणि कन्नड दोन्हींत बोलता येतं. प्रत्यक्ष जायचं असेल तर धारवाडला सरकारी मानसिक आरोग्य संस्था आहे.