वडिलांच्या पश्चात गावच्या घरी परतताना

वडील गेल्याचा निरोप आला की शहरात राहणारा माणूस मिळेल त्या गाडीने गाव गाठतो, आणि तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले असल्यामुळे पुढच्या गोष्टींचा विचार करायला त्याला उसंतच मिळत नाही. खरे परतणे चौदाव्या दिवशी सुरू होते. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावी मी या दिवसांतून गेलो आहे. त्यावरून सांगतो की, कोणती कामे थांबू शकत नाहीत आणि कोणती मुद्दाम थांबवायची, एवढे आधी ठरवून घ्यावे.

मृत्यूची नोंद थांबू शकत नाही. ती २१ दिवसांच्या आत करायची असते आणि जिथे मृत्यू झाला तिथल्याच नोंदणी कार्यालयात होते. वडील रत्नागिरीच्या रुग्णालयात गेले असतील, तर गावच्या ग्रामपंचायतीत हेलपाटे घालून उपयोग नाही. दाखला हाती येताच त्यावरचे नाव आधार कार्डाशी आणि सातबाऱ्याशी ताडून पाहावे. आमच्या दाखल्यात आजोबांच्या नावातली एक वेलांटी चुकली होती, आणि ती दुरुस्त होईपर्यंत पुढचे प्रत्येक काम अडून राहिले. वडिलांच्या मोबाइलचे सिम घाईने बंद करू नये, कारण खात्यांचे संदेश त्यावरच येतात. पिन ठाऊक असला तरी त्यांच्या कार्डाने पैसे मात्र काढू नयेत.

जमिनीची वारस नोंद हे दुसरे काम. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ नुसार वारसाने मिळालेल्या हक्काची माहिती तीन महिन्यांत तलाठ्यांना, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांना, द्यावी लागते. त्यानंतर फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, धरला जातो, संबंधितांना नोटीस जाते आणि हरकत नसल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हे टाळल्यामुळेच कोकणात कित्येक सातबाऱ्यांवर अजून पणजोबांची नावे आहेत. उताऱ्यातील ‘इतर हक्क’ हा रकाना नीट वाचावा, कारण गावच्या सहकारी सोसायटीकडून घेतलेल्या शेतीकर्जाचा बोजा तिथेच दिसतो.

वारसांच्या यादीत आई आणि सर्व भावंडे यायलाच हवीत, आणि आजी हयात असेल तर हिंदू कुटुंबात तीही मुलाची वारस असते, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. तेराव्याच्या पंगती उठल्यावर ओटीवर बसवून बहिणीची हक्कसोड पत्रावर सही घेण्याची रीत मला अतिशय वाईट वाटते. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. तिला हक्क सोडायचा असेल, तर तिने तो वर्षभराने, कागद वाचून, दुय्यम निबंधकांसमोर स्वखुशीने सोडावा.

घर विकणे, बागेतली कलमे कराराने देणे, आईला शहरात नेणे, हे निर्णय मात्र वर्षश्राद्धापर्यंत थांबवता आले तर थांबवावेत. विशेषतः आईला लगेच उचलून नेऊ नये. तिच्या दुःखाला सोबत करणारी माणसे तिथेच, पाणंदीच्या पलीकडे राहतात. शहरातल्या तिसऱ्या मजल्यावर ती कुठून मिळणार?

वडिलांच्या वस्तू आवरतानाही हात आखडता ठेवावा. माजघरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत मला बाबांची निळ्या पुठ्ठ्याची वही सापडली. कोणत्या कलमाला कधी खत घातले, विहिरीच्या पंपाचे काम कोणी केले, शेजारच्या काकांकडून उसने घेतलेले दोनशे रुपये परत दिले की नाही, हे सारे त्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवले होते. त्या रकमेपुढे फुली नव्हती, म्हणून मी संध्याकाळी जाऊन ते पैसे देऊन आलो. काका पैसे घेईनात. पण बराच वेळ बाबांविषयी बोलत बसले. अशा वह्या रद्दीत टाकू नयेत, आणि कागद ट्रंकेत तसेच ठेवून दार लावूनही जाऊ नये, कारण एका पावसाळ्यात वाळवी त्यांची माती करते.

निघण्यापूर्वी, मे संपायच्या आत, कौले परतून घ्यावीत. माकडांनी सरकवलेले एक कौलही आषाढात मातीची भिंत पाडायला पुरेसे असते. घराची एक किल्ली शेजारी द्यावी, आणि पुन्हा कधी येणार ती तारीख आईला सांगूनच गाडीत बसावे.