एस्प्रेसोत पाणी कसे मिसळावे : अमेरिकानो आणि लाँग ब्लॅक

दुसऱ्या महायुद्धात इटलीत आलेल्या अमेरिकी सैनिकांना एस्प्रेसो, म्हणजे यंत्राच्या दाबाने काढलेली दाट कॉफी, झेपत नसे, म्हणून ते तीत गरम पाणी घालून पीत, अशी कथा सांगितली जाते आणि तिच्या आधारे अमेरिकानोला, म्हणजे अशा पाणी घातलेल्या एस्प्रेसोला, पाणचट ठरवले जाते. हा आरोप मला अन्यायाचा वाटतो. १८ ग्रॅम पुडीतून ३६ ग्रॅम एस्प्रेसो काढली आणि पुडीचा पाचवा हिस्सा तीत उतरला, तर कॉफीचे प्रमाण १० टक्के होते; तीत १२० ग्रॅम पाणी मिसळल्यावरही ते २.३ टक्क्यांच्या आसपास राहते, म्हणजे कागदी गाळणीतून काढलेल्या नेहमीच्या कॉफीपेक्षा जास्तच. कॅफीन तर मूळ एस्प्रेसोइतकेच असते.

सर्वप्रथम पाण्याकडे लक्ष द्यावे, कारण तयार पेयाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग या वरून घातलेल्या पाण्याचाच असतो. जड, क्षारयुक्त पाणी कॉफीचा सुखद आंबटपणा मारून टाकते, म्हणून गाळलेले, चवीला स्वच्छ पाणी घ्यावे. ते उकळून मिनिटभर थांबावे आणि त्यातले १२० ग्रॅम आधीच गरम केलेल्या कपात ओतावे.

त्यानंतर १८ ग्रॅम ताजी दळलेली पूड घट्ट, सपाट दाबून २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅम एस्प्रेसो काढावी आणि ती पाण्यावर अलगद सोडावी. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये याच क्रमाने केलेल्या कॉफीला लाँग ब्लॅक म्हणतात. यात वरचा तांबूस फेस, म्हणजे क्रेमा, बराचसा टिकतो. अमेरिकानोत एस्प्रेसोवर पाणी ओततात, त्यामुळे तो फेस मोडून कॉफीत मिसळतो. क्रेमा दिसायला देखणा असला तरी चवीला कडवट असतो, म्हणून तो चमच्याने काढून टाकून एकदा जरूर पिऊन पाहावे.

एक मोह मात्र कटाक्षाने टाळावा. कप भरण्यासाठी यंत्र चालूच ठेवून त्याच पुडीतून आणखी पाणी जाऊ दिले, तर शेवटचे पाणी उरलासुरला कडूपणाच खेचून आणते. अशा लांबवलेल्या एस्प्रेसोला लुंगो म्हणतात. ते निराळे पेय आहे. अमेरिकानोतले पाणी पुडीला शिवत नाही, आणि म्हणूनच एस्प्रेसोत दाटीवाटीने बसलेले स्वाद तीत मोकळे होतात. चिकमगळूरच्या मध्यम भाजलेल्या अरेबिकात हा फरक विशेष जाणवतो.

घरी यंत्र नसून मोका पॉट, म्हणजे शेगडीवर ठेवायचे कॉफीचे भांडे, असेल, तर त्याचा दाब यंत्राच्या ९ बारपेक्षा फारच कमी असतो आणि कॉफीही कमी दाट उतरते. तिच्यात समान वजनाचेच पाणी घालावे.

कप थोडा निवल्यावर चव घ्यावी. ती नुसतीच फिकी वाटली तर पुढच्या वेळी पाणी २० ग्रॅमने कमी करावे. पण फिकी असूनही कडू लागली, तर पाण्याला दोष न देता दळण किंचित जाडसर करावे.