गेज नंतर, आधी हौद बघा

आयटीआयमधून प्लंबर होऊन बॅकफ्लो टेस्टिंगला, म्हणजे घाण पाणी उलटं लाइनमध्ये शिरतं का ते तपासायला, आलेल्या पोरांना दाब मोजायचं गेज हातात घ्यायची भारी घाई असते. सोलापुरात त्याआधी चौकशी करायची ती पाणी सुटायच्या पाळीची. उजनी भरलं तरी इथं नळाला रोज पाणी नाही, आणि लाइनला दाबच नसेल तर टेस्ट कसली करणार? चावीवाल्याशी ओळख ठेवा.

पाणी बंद झालं की लाइन उताराकडे रिकामी होते आणि चढावरच्या नळांतून आत ओढू लागते. कुणी नळाला थेट मोटर लावली असेल तर विचारूच नका. जुन्या वस्तीत दाब मिळेना म्हणून तोटी खड्ड्यात उतरवलेली असते. त्या खड्ड्यात गटाराचं पाणी साचलेलं दिसलं, तर निदान तिथंच झालं.

कारखान्यात भानगड उलटी. बोअरची मोटर नाहीतर बॉयलर महापालिकेच्या लाइनपेक्षा जास्त दाबानं पाणी मागं रेटतो. मध्ये एकच एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह), आणि क्षार धरल्यानं त्याची झडप नीट बसत नाही. मालक म्हणतो, "व्हॉल्व्ह आहे की!" त्याला 1933 चं शिकागो सांगा. दोन हॉटेलांतल्या सदोष जोडण्यांमुळे तिथं आमांश पसरला, 98 माणसं गेली.

डबल चेक असेंब्लीवर, म्हणजे एकामागे एक असे दोन चेक (उलटं पाणी अडवणाऱ्या झडपा) असतात तिथं, टेस्ट कॉक (गेज जोडायच्या छोट्या तोट्या) आधी थोडे उघडून गाळ वाहू द्या, नाहीतर वाळू गेजमध्ये जाते. पुढचा व्हॉल्व्ह बंद करून प्रत्येक चेक किमान 1 पीएसआय (दाबाचं माप) धरतो का ते बघा. आरपीझेडमध्ये (दोन चेकच्या मधलं पाणी बाहेर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह असलेली असेंब्ली) पहिल्या चेकच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक 2 पीएसआयच्या खाली जायच्या आत रिलीफ व्हॉल्व्ह उघडलाच पाहिजे. अशा असेंब्ली आपल्याकडे क्वचित भेटतात, पण शिकून ठेवा.

घराघरांत खरी राखण करतं ते हौदातलं अंतर. पाइपाचं तोंड हौद भरून वाहतो त्या पातळीच्या वर, व्यासाच्या दुप्पट आणि किमान 25 मिमी हवं. बहुतेक ठिकाणी पाइप तळापर्यंत सोडलेला सापडतो. हेक्सॉ काढा, कापा. महागडा व्हॉल्व्ह विकण्यापेक्षा हे बरं, कमाई कमी झाली तरी.

पाणी सुटल्यावर क्लोरीनही तपासा, 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या खाली नको. अहवालात दाब आणि वेळ लिहाच, पण त्या वेळी शेजारची मोटर चालू होती का, तेही नोंदवा. नाहीतर पुढच्या वर्षीचा आकडा कशाशी ताडून बघणार?