जुन्या ई४६ चे सस्पेन्शन नॉर्डश्लाइफेसाठी तयार करताना

बीएमडब्ल्यूच्या ३ सीरिजची ई४६ ही पिढी १९९८ साली बाजारात आली. तिच्यातील ३३०आय ही सेडान, तिचे २३१ अश्वशक्तीचे सहा सिलिंडरचे इंजिन आणि मागच्या चाकांना मिळणारी ताकद यांमुळे, आजही हौशी चालक जर्मनीतील नॉर्डश्लाइफे या नुर्बुर्गरिंगच्या लांब शर्यतीच्या ट्रॅकवर आवर्जून नेतात. मात्र या गाड्यांना आता वीस वर्षे उलटून गेली आहेत. नव्या गाड्या वळणावळणाला पुढे निघून जाऊ लागल्या की मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो कडक स्प्रिंगांचा. मला हा क्रमच चुकीचा वाटतो. सस्पेन्शनमधले रबर झिजलेले असेल, तर कडक स्प्रिंग त्याच्यावर अधिक जोराचे धक्के टाकते आणि मूळ दुखणे तसेच राहून वर नवी दुखणी जडतात.

म्हणून खर्चाची यादी करण्यापूर्वी गाडी लिफ्टवर घ्यावी आणि तपासणीला मागच्या बाजूने सुरुवात करावी. ई४६ चा मागचा सबफ्रेम, म्हणजे मागचे सस्पेन्शन ज्यावर बसते तो सांगाडा, बॉडीच्या पत्र्याला चार ठिकाणी बोल्टने जोडलेला असतो आणि त्या चार जागांभोवतीचा पत्रा तडकणे हा या पिढीचा सर्वज्ञात दोष आहे. तडा बारीक असेल तर मळाखाली आणि अंडरकोटिंगखाली तो दिसत नाही. तेव्हा तो भाग खरवडून, स्वच्छ करून, चांगल्या उजेडात पाहावा. तडा आढळल्यास सबफ्रेम उतरवून, तड्याची दुरुस्ती करून, त्यावर मजबुतीच्या पट्ट्या वेल्ड करून घेतल्याशिवाय पुढचे एकही काम हाती घेऊ नये. हा खर्च डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो टाळण्याचा मोह होतो. परंतु पुढचे सारे काम याच पत्र्याच्या भरवशावर उभे राहणार असते.

यानंतर बुश, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी तुकडे, बदलावेत. पुढच्या कंट्रोल आर्मचे (चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या दांड्याचे) मागचे बुश झिजले की जोरात ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरते आणि चाक किंचित मागे सरकून कास्टर (बाजूने पाहता स्टिअरिंगच्या अक्षाचा कल) बदलतो. मागच्या ट्रेलिंग आर्मचे (मागच्या चाकाला पुढून धरणाऱ्या दांड्याचे) बुश सैल झाले, तर ब्रेक लावताना किंवा अ‍ॅक्सिलरेटर सोडताना मागच्या चाकांचा टो (वरून पाहता चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) आपोआप बदलत राहतो. गाडीची मागची बाजू अस्वस्थ होते आणि चालकाला वाटते की दोष शॉकअपचा आहे. सार्वजनिक रस्त्यावरही वापरल्या जाणाऱ्या गाडीसाठी मी पुढे एम३ या अधिक ताकदीच्या मॉडेलच्या धर्तीचे भरीव रबराचे बुश आणि मागे नव्या रबरी बुशसोबत त्यांची आडवी हालचाल रोखणाऱ्या चकत्या सुचवेन. रबरापेक्षा कडक अशा पॉलियुरेथेनचे बुशही चालतात, पण मागचा आर्म हलताना थोडा पिळतोही, आणि तो पीळ सामावून घेण्याची ताकद रबरात अधिक असते.

येथे एक बारकावा जिवापाड जपावा. रबरी बुशच्या मधला बोल्ट चाके हवेत लोंबकळत असताना पक्का आवळू नये, कारण गाडी खाली येताच ते रबर कायमचे पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. गाडी ज्या उंचीवर उभी राहणार आहे त्याच उंचीवर आर्म टेकवून, टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) बोल्ट आवळावा. मी स्वतः पहिल्या वेळी ही काळजी घेतली नव्हती आणि नवे बुश वर्षभरात पुन्हा बदलावे लागले.

आता स्प्रिंग आणि शॉकअप. नॉर्डश्लाइफे सुमारे २०.८ किलोमीटर लांबीची, चढउतारांची आणि खडबडीत वाट आहे. तिच्या फुक्सर्योहर या भागाच्या तळाशी उतार संपून चढ सुरू होतो, तेथे गाडी जोराने दाबली जाते. फार खाली आणलेली गाडी तेथे बंप स्टॉपवर, म्हणजे सस्पेन्शनची हालचाल थांबवणाऱ्या ठोकळ्यावर, आदळते आणि टायरची पकड ऐन वेगात डळमळते. शिवाय पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब) असल्यामुळे गाडी जास्त खाली आणली की लोअर आर्म चाकाकडे वर झुकतो, रोल सेंटर (वळणात बॉडी ज्या बिंदूभोवती कलते तो) झपाट्याने खाली जाते आणि वळणात बॉडी उलट अधिक कलते. म्हणून उंची २० ते ३० मिलिमीटरपेक्षा जास्त उतरवू नये. बिल्स्टाइन बी८ सारखे आखूड शॉकअप आणि त्यांना साजेशा स्प्रिंगा एवढ्यावर बऱ्याच जणांचे काम भागते. कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच) घ्यायचेच असतील तर लक्षात ठेवावे की मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे बसतात आणि चाक जेवढे हलते त्याच्या साधारण दोन-तृतीयांशच स्प्रिंग दबते. त्यामुळे मागच्या स्प्रिंगचा आकडा पुढच्यापेक्षा मोठा दिसला तरी चाकापाशी ती तेवढी कडक नसते. पुढचा स्ट्रट उघडताना दणकट स्प्रिंग कॉम्प्रेसर वापरावा. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीवघेणी इजा होऊ शकते.

वळणातला वेग खऱ्या अर्थाने वाढतो तो अलाइनमेंटमुळे, म्हणजे चाकांच्या कोनांच्या जुळणीमुळे. पुढच्या स्ट्रट माउंटवरची जागा निश्चित करणारी छोटी पिन काढून माउंट आत सरकवले, तर सुमारे अर्धा अंश निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला कोन) जवळजवळ फुकटात मिळतो. त्याहून अधिक हवा असल्यास कॅम्बर प्लेट लागतात. पुढे उणे २ ते उणे २.५ अंश, मागे उणे १.५ ते उणे २ अंश, पुढचा टो शून्य आणि मागे किंचित टो-इन (चाकांची पुढची बाजू आत वळलेली), ही सुरुवातीला भरवशाची मापे आहेत. चालकाच्या वजनाइतके ओझे सीटवर ठेवूनच मोजमाप घ्यावे.

अँटी-रोल बार (वळणात बॉडीचा कल कमी करणारी दांडी) शेवटी पाहावा, आणि गरज वाटली तरच.

सर्वांसाठी खुल्या फेऱ्यांच्या वेळी नॉर्डश्लाइफेवर रस्त्याचेच नियम लागू असतात. म्हणून सुटे भाग तांत्रिक मान्यतेच्या कागदांसह घ्यावेत, बदलांची अधिकृत तपासणी करून घ्यावी आणि ते कागद गाडीत ठेवावेत. पहिल्या दिवशी वेगाचा आग्रह धरू नये. एकेक फेरी झाल्यावर टायर गरम असतानाच हवेचा दाब मोजावा आणि टायरच्या रुंदीभर झीज सारखी आहे का ते पाहावे. बाहेरची कड अधिक झिजत असेल तर कॅम्बर अजून कमी पडतो आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि वहीत लिहून ठेवावी. घरी परतल्यावर सस्पेन्शनचा प्रत्येक बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासावा, आणि मागच्या सबफ्रेमभोवतीचा पत्रा पुन्हा एकदा उजेडात पाहावा.