लहान मुलासह तेरेखोलची फेरीबोट : बेळगावहून सहल आखताना

दीड-दोन वर्षांच्या मुलाला घेऊन समुद्रकाठी जायचे आणि त्यात बोटीचा प्रवासही हवा, असे ठरले की बेळगावकरांना प्रथम मालवणचा सिंधुदुर्ग आठवतो. परंतु तेथील होडी खुल्या समुद्रातून जाते आणि मूल कडेवर घेऊन चढता-उतरताना तोल सांभाळावा लागतो. एवढ्या लहान मुलासाठी माझ्या मते महाराष्ट्र-गोवा सीमेवरील तेरेखोल नदीवरची फेरीबोट अधिक योग्य आहे. ती रुंद व सपाट असते, गाडीही नेते आणि काही मिनिटांत पैलतीरी पोहोचवते.

जाताना आंबोली घाट आणि येताना चोर्ला घाट अशी फेरी आखावी. हिंडलगा, शिनोळीवरून वेंगुर्ला रस्ता धरावा. संकेश्वर-निपाणीकडील मंडळींनी गडहिंग्लज-आजरामार्गे आंबोली गाठावी. घाट उतरण्यापूर्वी आंबोलीत अर्धा तास थांबावे, मात्र तेथे मुलाला पोटभर दूध पाजू नये, कारण वळणांवर उलटी होण्याची शक्यता असते. थोडे चिरमुरे किंवा मऊ भात पुरेसा होतो. उलटीचे औषध बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय देऊ नये.

मुक्काम शिरोड्यास करावा. वेळागरच्या किनाऱ्यावर सुरूचे बन असल्याने सावली मिळते, तरीही मुलाला वाळूत सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावरच न्यावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे भरती-ओहोटी. पाणी फार उतरले की ही फेरीबोट काही काळ थांबते आणि उन्हात गाडीत अडकलेले मूल साऱ्या घराची परीक्षा पाहते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास ओहोटी अधिक खोल जाते आणि या किनाऱ्यावर ती साधारणपणे पहाटे व सायंकाळी येते; म्हणून त्या दिवसांत सकाळी दहा-अकराच्या सुमारास नदी ओलांडावी. भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे इतर तिथींना आदल्या संध्याकाळीच मुक्कामाच्या ठिकाणी चौकशी करावी. मुलाच्या झोपेची वेळ आणि बोटीची वेळ यांत ओढाताण झाली, तर बोटीचीच पाळावी. मूल गाडीत झोपू शकते, पाणी मात्र आपल्यासाठी थांबत नाही.

निघण्यापूर्वी नदीच्या उत्तर काठावरील तेरेखोल किल्ला बाहेरून तरी पाहावा. सावंतवाडीकर भोसल्यांचा हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला, आणि म्हणूनच नदीच्या महाराष्ट्राकडील काठावर असूनही हा भाग गोव्यात आहे.

बोटीवर गाडी चढली की इंजिन बंद करून हातब्रेक ओढावा आणि मुलाला घेऊन खाली उतरावे. बंद गाडीत मूल ठेवू नये. एका मोठ्या माणसाने केवळ मुलाकडेच लक्ष द्यावे, फोटो दुसऱ्याने काढावेत. बोट धक्क्याला लागताना हिसका बसतो, म्हणून त्या वेळी मूल कडेवरच असावे.

पलीकडचे गाव केरी. चोर्ला घाटाच्या पायथ्याशी सत्तरी तालुक्यातही केरी आहे, त्यामुळे फोनवर मार्ग शोधताना पेडणे तालुक्यातील केरी निवडल्याची खात्री करावी. तेथून म्हापसा, डिचोली, साखळीमार्गे चोर्ला घाट अंधारापूर्वी चढावा. कणकुंबीत माऊलीच्या देवळाजवळ, मलप्रभेच्या उगमापाशी थांबून मुलाचे कपडे बदलावेत आणि जांबोटीमार्गे बेळगाव गाठावे.