माला-एनची गोळी: कशी घ्यायची अन् विसरली तर काय करायचं

आमच्याकडं लई बायकांचा समज असाय की माला-एन, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून घ्यायची गोळी, नवरा घरी असला तेवढ्या दिवसच घ्यायची. तसं नाही बाई, ही गोळी रोज घेतली तरच काम करते, कारण तिच्यातले दोन हार्मोन बीजकोशातून बीज बाहेर पडूच देत नाहीत अन् गर्भाशयाच्या तोंडाचा स्राव घट्ट करतात, मधे खंड पडला की बीज सुटू शकतं.

आधी आशाताईकडं किंवा पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) जाऊन बीपी बघून घ्या. बीपी जास्त असेल, पायात किंवा फुफ्फुसात कधी रक्ताची गाठ झाली असेल, लिव्हरचा आजार, स्तनाचा कॅन्सर, डोळ्यापुढं चमकून उठणारी अर्धशिशी, किंवा वय पस्तिशीपुढं अन् विडी-सिगारेट असेल तर ही गोळी नको. बाळ सहा महिन्यांच्या आतलं अन् अंगावर पीत असेल तरी नको. टीबीची किंवा फिटची औषधं चालू असतील तर ते आवर्जून सांगा, काही औषधांनी गोळीचा असर कमी होतो.

पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू करा. पाकिटात २८ गोळ्या, २१ पांढऱ्या हार्मोनच्या अन् ७ काळपट लोहाच्या. रात्री जेवण झालं की घ्यायची अशी एक वेळ ठरवा. काळ्या गोळ्यांच्या दिवसांत पाळी येते, त्या संपल्या की दुसऱ्याच दिवशी नवीन पाकीट, मधे गॅप नाही.

आता विसरल्याचं. एक पांढरी राहिली तर आठवल्याबरोबर घ्या अन् आजची ठरल्या वेळेला, एका दिवसात दोन झाल्या तरी चालतं. दोन किंवा जास्त राहिल्या तर लगेच एक घ्या, पुढं रोजच्या चालू अन् सात दिवस निरोध वापराच. हे शेवटच्या सात पांढऱ्यांत झालं असेल तर काळ्या सोडून सरळ नवीन पाकीट सुरू करा. काळी राहिली तर फेकून द्या, काही बिघडत नाही.

बीडकडून ऊसतोडीला जाणाऱ्यांनी सहा महिन्यांची पाकिटं निघायच्या आधीच मागून घ्या, फडावर ऐनवेळी कुठं शोधणार.

अन् महालक्ष्म्यांच्या वेळी पाळी पुढं ढकलायला मेडिकलमधून घेतात ती गोळी वेगळी, तिच्यावर गर्भनिरोधक म्हणून भरवसा ठेवू नका.

पहिले दोन-तीन महिने मळमळ, थोडं डाग लागणं होतं, घाबरून बंद करू नका. पण एकाच पायाची पोटरी सुजून दुखली, छातीत दुखलं, दम लागला, अचानक भयंकर डोकं दुखलं किंवा दिसायला कमी झालं तर गोळी थांबवा अन् त्याच दिवशी दवाखाना गाठा.