भाजीपाला ब्रीडिंगमध्ये यायचंय? मग आधी बी कसं तयार होतं ते बघा

बीएस्सी ॲग्रीच्या शेवटच्या वर्षातली पोरंपोरी विचारतात, सर ब्रीडर व्हायचंय, बायोटेक घेऊ की जेनेटिक्स? ब्रीडर म्हणजे पिकांच्या नव्या जाती तयार करणारा. माझं सांगणं एकच असतं, काहीही घ्या पण सुरुवातीची दोन वर्षं बीजोत्पादनाच्या प्लॉटवर काढा. जात कितीही भारी निघाली तरी तिचं बी शुद्ध नसेल, उगवत नसेल किंवा रोपं टाकायची वेळ टळून गेल्यावर दुकानात येत असेल तर शेतकऱ्याला तिचा काडीचा उपयोग नाही, आणि ही गोष्ट वर्गात बसून कितीही ऐकली तरी अंगात भिनत नाही.

आणि त्यासाठी लांब कुठं जायचंय? जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको ही बियाणे कंपनी सुरू केली, सुरुवात केली ती भेंडीच्या पुसा सावनी जातीच्या बियाण्यापासून, पुढं १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइज मिळालं. आज जालन्यापासून देऊळगाव राजा, सिंदखेड राजापर्यंत फिरलात तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेडनेट दिसतात, त्यात टोमॅटो, मिरची, काकडीचं हायब्रिड बी तयार होतं. तुमचं रावे, म्हणजे शेवटच्या वर्षातला गावात राहून करायचा कार्यानुभव, असेल ना, तर जमल्यास याच पट्ट्यातलं गाव मागून घ्या.

टोमॅटोचं क्रॉसिंग, म्हणजे एका वाणाचा पराग दुसऱ्याच्या फुलाला लावायचं काम, चालू असताना शेडनेटमध्ये एक अख्खा दिवस थांबा. दुपारनंतर बायका मादी ओळीतून, म्हणजे ज्या झाडांवर बी धरायचंय त्या ओळीतून, चालत जातात, उद्या उमलणारी कळी नेमकी ओळखतात, पाकळ्या अजून पूर्ण पिवळ्या झालेल्या नसतात ती, आणि चिमट्याने आतली पुंकेसरांची नळी अलगद ओढून काढतात, मधल्या कुक्षीला धक्का न लावता. कळी जास्त कोवळी घेतली तर फळ धरत नाही आणि उशीर झाला तर पराग आधीच पडलेला असतो, म्हणजे सेल्फ झालं, स्वतःच्याच परागाने बी धरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचा वाळवून चाळलेला पराग त्या फुलाला लावायचा आणि खूण म्हणून हिरवी निदलं कातरायची, म्हणजे फळ मोठं झाल्यावरही क्रॉसचं कोणतं ते कळतं. खूण नसलेलं फळ दिसलं की तोडून टाकायचं, तिथं दयामाया नाही. तंबाखू मळलेल्या हाताने रोपाला हात लावायचा नाही हा नियमही तिथंच शिकाल, कारण टोबॅको मोझॅक व्हायरस हातावरून पसरतो. वर्षानुवर्षं क्रॉसिंग केलेल्या बाईची नजर कुठल्याही एमएस्सीवाल्यापेक्षा पक्की असते हे मी अगदी मनापासून सांगतोय, तिला मावशी म्हणा, ताई म्हणा, पण तिच्याकडून शिका.

मग येतो जीओटी, म्हणजे ग्रो आउट टेस्ट. लॉटमधलं नमुन्याचं बी लावायचं, रोपं मोठी होऊ द्यायची आणि त्यात मादीची सेल्फ किंवा भलतीच रोपं किती निघतात ते मोजायचं. बऱ्याच ठिकाणी उगवण आणि जीओटीचे रिझल्ट आल्याशिवाय शेतकऱ्याचं पूर्ण पेमेंट सुटत नाही, त्यामुळे तुम्ही उन्हात ओळीत उभं राहून ऑफ टाइप, म्हणजे वाणाशी न जुळणारी रोपं, मोजत असता तेव्हा कुणाच्या तरी घरातला वर्षाचा हिशोब तुमच्या हातात असतो. घाईत मोजू नका आणि शंका आली तर परत मोजा. आता डीएनए मार्करने कोवळ्या रोपाच्या पानावरूनच शुद्धता तपासता येते, महिनोन्महिने थांबावं लागत नाही, म्हणून लॅबचं काम येत असेल तर सोन्याहून पिवळं. मॉलिक्युलर शिकू नका असं मी म्हणतच नाहीये, कशासाठी शिकतोय ते माहीत असावं एवढंच.

ब्रीडिंगला वेळ किती लागतो आणि ते कधी संपत का नाही हे समजायला भेंडीचं उदाहरण घ्या. पुसा सावनी आली तेव्हा केवड्याला, म्हणजे यलो व्हेन मोझॅकला, ती दाद देत नव्हती, पण काही वर्षांत तीही पिवळी पडायला लागली. मग परभणीच्या कृषी विद्यापीठात जंगली भेंडीची प्रतिकारशक्ती पुसा सावनीत आणून परभणी क्रांती काढली, ती गावोगाव पोचली, आणि पुढं तिच्यावरही केवडा दिसायला लागला. व्हायरस बदलतो, पांढरी माशी वाढते, ब्रीडरला परत पहिल्यापासून लागावं लागतं. साध्या पद्धतीत क्रॉस केल्यापासून नवी ओळ स्थिर, म्हणजे सगळी झाडं एकसारखी, व्हायला सहा-सात पिढ्या जातात, त्यावर ट्रायलची, म्हणजे शेतात लावून पारखायची, वर्षं वेगळी. ज्याला दर सहा महिन्यांनी रिझल्ट दाखवायचाय त्याने दुसरं क्षेत्र बघावं.

कांद्याचा प्रकार अजून वेगळा. आधी कांदा तयार करायचा, मग निवडलेला कांदा परत लावून डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येऊ द्यायचे, तेव्हा कुठं उळं, म्हणजे कांद्याचं बी, मिळतं, वर हे बी साध्या हवेत ठेवलं तर वर्षभरात त्याची उगवण घसरते. परागीभवन मधमाश्यांवर, म्हणून फुलोऱ्यात कीटकनाशक मारलं की बी धरतच नाही, आणि पायाभूत बियाण्यासाठी, म्हणजे ज्यापासून पुढचं बी तयार होतं त्यासाठी, दुसऱ्या कांद्याच्या प्लॉटपासून १००० मीटर अंतर ठेवायचं म्हणजे शेजारच्या चार शेतकऱ्यांशी आधी बोलून ठेवावं लागतं. नाशिककडं, पुणे-नगरकडं घरचं उळं धरणारे भरपूर आहेत, त्यांना भेटाल तेव्हा एक सांगा, दोन-चार देखणे कांदे निवडून त्यांचंच बी धरू नका, थोड्या झाडांवरून बी घेतलं की पुढच्या पिढ्यांचा जोम कमी होतो, निवड करा पण बऱ्याच कांद्यांतून करा. राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधन संचालनालय आहे, भीमा सुपर, भीमा शक्ती या जाती तिथल्याच, एकदा जाऊन या.

फळपिकात जायचं असेल तर बियाण्याऐवजी कलम आणि मातृवृक्ष, म्हणजे ज्या झाडावरून कलमाचे डोळे घेतात ते झाड, हा विषय पक्का करा, संत्र्याला खुंट, म्हणजे कलमाचा खालचा मुळांकडचा भाग, जंबेरीचा की रंगपूर लाइमचा, डोळा कुठल्या झाडावरून काढला, ते झाड रोगमुक्त आहे का. इथली चूक शेतकऱ्याला चार-पाच वर्षांनी कळते, तोवर बाग उभी राहिलेली असते.

शिक्षणाचं थोडक्यात. राहुरी, परभणी, अकोला, दापोली या चारही विद्यापीठांत एमएस्सीसाठी राज्याची पीजी सीईटी असते, बाहेर जायचं तर आयसीएआरची, म्हणजे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची, परीक्षा. आपल्याकडं ब्रीडिंग बऱ्याच ठिकाणी कृषी वनस्पतीशास्त्र विभागात असतं आणि भाजीपाला उद्यानविद्येत, त्यामुळे विभागाच्या नावावर जाऊ नका, गाईड कुठल्या पिकावर काम करतायत ते विचारा. संख्याशास्त्र मन लावून करा. बियाणे कायदा १९६६ आणि पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा २००१ हे दोन्ही एकदा शांतपणे वाचा. दुसऱ्या कायद्यात शेतकऱ्याला घरचं बी ठेवायचा, लावायचा, देवाणघेवाणीचा हक्क आहे, ब्रँड लावून विकायचा मात्र नाही, आणि शेतकऱ्याच्या स्वतःच्या वाणाची नोंदणीही होते. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्यासारख्या गावरान पिकांची बियाणे बँक उभी केली, पद्मश्री मिळाली, तर अशा ठिकाणी नुसता फोटो काढून येऊ नका. कुठलं वाण कमी पाण्यात तगतं, कुठल्यावर मावा कमी येतो ते विचारा, वहीत लिहा. उद्याच्या जातीसाठी लागणारे गुण तिथंच सापडायची शक्यता आहे, आणि ते वापराल तेव्हा ज्यांनी ते जपले त्यांचं नाव आणि वाटा दोन्ही द्या.

नोकरीत पहिली पोस्ट बहुतेक प्रॉडक्शन किंवा ट्रायलची मिळते, पोरं नाराज होतात, होऊ नका. इंटरव्ह्यू घेताना मी थिअरी थोडीच विचारतो, समोर दोन रोपांचे फोटो ठेवतो आणि विचारतो, यातलं ऑफ टाइप कोणतं आणि कशावरून. देठाचा रंग, पानाची कड, फळाचा खांदा असं काहीतरी बोट ठेवून जो सांगतो, त्याचं पुढचं बोलणं मी नीट ऐकतो.